चार एकरांत दहा कोटी कोळी

गणपतीत कोकणात गेलात की पोफळीच्या बागेत, परसदारी, कधी पडवीच्या खांबापासून थेट समोरच्या पेरूपर्यंत एक जाळं हटकून आडवं येतं. उन्हात ते पिवळंधमक दिसतं, आणि मधोमध डोकं खाली करून कोळीण बसलेली असते. तिचं शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. पाय ताणले की मोठी मादी जवळजवळ वीतभर भरते. नवरोबा मात्र शोधावे लागतात. त्याच जाळ्यात कुठेतरी पाच-सहा मिलिमीटरचा तांबूस ठिपका दिसला तर तो नवरा. तिचं वजन त्याच्या सरासरी सव्वाशे पट. माणसांत हे प्रमाण असतं तर साठ किलोच्या गृहस्थाची बायको साडेसात टनांची झाली असती, आपल्याकडच्या हत्तीपेक्षाही जड.

आता धाग्याचा हिशेब. जाडी तीन मायक्रॉन धरू, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण विसावा हिस्सा. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. तेवढा लांब धागा तराजूत टाकला तर चारशे ग्रॅमही भरत नाही. असल्या धाग्याचं कापड कुणी विणेल का? विणलं. नेफिलाच्याच गोतावळ्यातल्या, मादागास्करच्या सोनेरी कोळिणी पकडून, हातयंत्रावर एकेकीचा धागा ओढून त्यांना पुन्हा रानात सोडलं. २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडलेल्या त्या सोनेरी अंगरख्यासाठी बारा लाख कोळिणी लागल्या. रंगाचा एक थेंबही वापरला नव्हता.

मादागास्करातच २०१० साली डार्विनच्या नावाची एक कोळी-जात नोंदली गेली. तिची मादी जेमतेम दोन सेंटिमीटर, पण जाळं टांगायचा दोर नदीच्या या काठावरून त्या काठापर्यंत जातो, कधी कधी २५ मीटर. स्वतःच्या लांबीच्या बाराशे पटींहून जास्त. साडेपाच फुटी माणसाने दोन किलोमीटर लांबीचा झुलता पूल एकट्याने बांधावा, आणि त्याचं सामान स्वतःच्या पोटातून काढावं, असा तो प्रकार आहे.

पण हे सगळे आकडे फिके पडतात ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरपुढे. २००९ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राने कीटकतज्ज्ञांना बोलावलं. पाणी वाळूतून गाळायची तिथली शेड सुमारे चार एकरांची, वर छप्पर आणि बाजूंना भिंती नाहीत. आत छतापासून कठड्यांपर्यंत जाळ्यांच्या चादरी लोंबत होत्या. काही ठिकाणी त्यांच्या भाराने आठ फुटी ट्यूबलाइटचे सांगाडे जागचे हलले होते. तज्ज्ञांनी नमुने मोजले. दाट भागात दर घनमीटरला ३५,१७६ कोळी निघाले, आणि सगळ्या शेडचा अंदाज, तोही हात राखून, १० कोटी ७० लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे जवळपास एक महाराष्ट्र चार एकरांत, आणि भाडेकरू सगळे आठ पायांचे.

एरवी हे एकलकोंडे जीव. चक्राकार जाळं विणणारी कोळीण सहसा शेजारीण खपवून घेत नाही. इथे सगळ्या गुण्यागोविंदाने राहिल्या, कारण अन्न. सांडपाण्यावर पोसलेल्या चिलटांचे थवेच्या थवे तिथे उठत होते, वर पावसापासून आडोसा होता, आणि भिंती नसल्याने चिलटं थेट जाळ्यात. पोट भरलेलं असलं की शेजाऱ्याचा जाच वाटत नाही, हे चाळीत राहिलेल्यांना नव्याने सांगायला नको.

जगभरातल्या सगळ्या कोळ्यांचा हिशेब २०१७ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी मांडला. एकत्रित वजन सुमारे अडीच कोटी टन, वर्षाचा आहार ४० ते ८० कोटी टन, त्यात बहुतेक किडेच. खालचं आणि वरचं टोक यांत दुपटीचं अंतर असलेला अंदाज जपूनच वापरावा. पण खालचं टोक धरलं तरी जगातली सगळी माणसं मिळून वर्षाला जितकं मांस-मासे खातात, तितकं हे फस्त करतात.

बाल्टिमोरच्या तज्ज्ञांनी अहवालात औषध मारा असं सुचवलं नाही. कामगारांना सांगा की हे कोळी निरुपद्रवी आहेत, आणि या जाळ्यांकडे निसर्गातला विक्रम म्हणून बघा, असा त्यांचा सल्ला होता. आपल्या परसातली नेफिलाही माणसाला धोक्याची नाही. तेव्हा दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरची जळमटं खुशाल झाडा, पण बाहेरच्या सोनेरी जाळ्यावर कुंचा फिरवू नका. वाटेत आलंच तर जरा वाकून जा.