थट्टेचे ग्रीक प्रतिशब्द

इंग्रजींतील ‘मॉक’ या शब्दास ग्रीक भाषेंत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न कोणी केल्यास त्यासच उलट विचारावें लागतें, कीं थट्टा कोणीं, कोणाची व कोणत्या इंद्रियानें केली? ही अतिशयोक्ति नव्हे. इ. स. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलांत हा शब्द जेथें जेथें आला आहे, त्यांपैकीं तीनच स्थळें पाहावीं.

येशूच्या मस्तकीं कांट्यांचा मुकुट घालून शिपाई त्याच्यापुढें खोटेच गुडघे टेकतात, तेथें मूळांत ‘एम्पाइझो’ आहे. ‘पाइस’ म्हणजे मूल, व त्यावरून ‘पाइझो’ म्हणजे खेळणें; असहाय बंदिवानाचें खेळणें केलें, हा भाव. अथेन्समध्यें पौलानें मृतांच्या पुनरुत्थानाची गोष्ट काढतांच कित्येक श्रोते हसले, तेथें ‘ख्लेउआझो’, म्हणजे उघड टवाळी. आणि देवाची थट्टा चालावयाची नाहीं, असें तोच पौल गलतीकरांस बजावतो, तेथें ‘म्युक्तेरिझो’! ‘म्युक्तेर’ म्हणजे नाकपुडी. आपण नाक मुरडणें म्हणतों तेंच हें. भरतमुनींनींही उपहसिताच्या लक्षणांत फुललेलें नाक सांगितलेंच आहे.

‘स्कॉर्न’साठीं ‘काताफ्रोनेसिस’ हा शब्द सहज सुचतो. ‘काता’ म्हणजे खालीं, ‘फ्रोनेइन’ म्हणजे विचार करणें. ‘अव’ व ‘मन्’ यांपासून झालेला आपला अवमान त्याचा सख्खा भाऊ शोभेल. परंतु ॲरिस्टॉटलनें वक्तृत्वशास्त्राच्या दुसऱ्या भागांत अवहेलनेचे तीन प्रकार केले आहेत: तुच्छ लेखून केलेला हा अवमान, स्वतःचा लाभ नसतां दुसऱ्याच्या इच्छेस घातलेली आडकाठी, आणि निव्वळ मौजेखातर दुसऱ्यास लाजविणें, म्हणजे ‘ह्युब्रिस’. या तिसऱ्याच्या जागीं पहिला शब्द घातला, तर अपराध्यास फुकट सूट मिळते. कारण मनांत तुच्छ लेखणें हा गुन्हा नव्हे, ह्युब्रिसबद्दल मात्र अथेन्समध्यें खटला भरतां येत असे.

खरी फसगत होते ती ग्रीकांतूनच इंग्रजींत गेलेल्या शब्दांनीं. माहेरचेच ते, मग जसेच्या तसे परत पाठवावे, असें वाटतें. पण ‘आयरनी’चें मूळ जें ‘एइरोनेइआ’, तें ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रांत स्वतःचे गुण कमी करून सांगण्याची खोड म्हणून येतें, आणि दाखला सॉक्रेटिसाचा! ‘सार्कॅझम’च्या मुळाशीं असलेल्या क्रियापदाचा अर्थ तर कुत्र्याप्रमाणें मांस ओरबाडणें. तेव्हां त्या ठिकाणीं ‘पिक्रोन स्कोम्मा’, म्हणजे कडवट टोमणा, असें साधें लिहिणें मला अधिक बरें वाटतें.