पुढच्या ब्रेकची भीती

लेखमाला : गाडी शिकताना – भाग ५

“पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.” गिअरची गाडी शिकलेल्या बहुतेकांच्या कानावर हे वाक्य पडलेलं असतं. वडील, काका, मोठा भाऊ, शेजारचा दादा, जो कोणी मागे बसून शिकवतो तो क्लच आणि गिअर समजावून झाले की हे सांगतोच. त्यामागे काळजी असते. सांगणाऱ्याने स्वतः कधीतरी खडीवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक कचकन आवळलेला असतो आणि गुडघे-कोपरं सोलून घेतलेली असतात. पण या सल्ल्यामुळे शिकणारा पुढची कित्येक वर्षं निम्म्याहून कमी ब्रेकवर गाडी चालवत राहतो. गेल्या चार भागांत आपण बसण्याची पद्धत, क्लच, गिअर आणि गर्दीतली संथ गाडी पाहिली. आजचा सगळा भाग मी पुढच्या ब्रेकच्या या एका लिव्हरसाठी ठेवला आहे, कारण नव्या चालकाच्या मनातली निम्मी धास्ती ‘गाडी वेळेवर थांबेल ना’ या शंकेतून येते, असं माझं ठाम मत आहे.

ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकाकडे सरकतं. पुढचे शॉकॲब्जॉर्बर दबतात, पुढचा टायर रस्त्यावर अधिक घट्ट टेकतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी. त्यामुळे पायब्रेकवर सगळा भार टाकला की मागचं चाक लवकर लॉक होतं, फरफटतं आणि गाडी मागून आडवी व्हायला लागते. कोरड्या डांबरावर जोरात थांबताना कामाचा मोठा वाटा पुढचं चाकच उचलतं.

हिशोब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर कुत्रं आडवं आलं, ते दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर संपले. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा चालक कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी साधारण १४ मीटरमध्ये थांबू शकतो. फक्त पायब्रेकवाल्याला त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. म्हणजे पहिला ज्या जागी पाय टेकून उभा आहे, त्या जागेवरून दुसरा अजून ताशी ३५च्या वेगाने पुढे जात असतो.

याबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. १९८१मध्ये त्याचा अहवाल आला. अपघाताच्या क्षणी चालक काय करतात, हे त्यात नोंदलेलं आहे : मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत. टक्कर टाळायला त्यांना बहुधा दोन सेकंदही मिळालेले नव्हते. आणि अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक एक तर आपले आपण शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. तिथल्या काकांनी आणि दादांनीही आपल्यासारखंच शिकवलं असणार. दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही, सवयीचा हात जिथे जातो तिथे जातो. म्हणून ही सवय आधी, शांतपणे, मोकळ्या जागी लावून घ्यायची.

जागा डांबरी किंवा काँक्रीटची हवी. शाळेचं मातीचं मैदान यासाठी चालणार नाही. रविवारी एमआयडीसीतले अंतर्गत रस्ते रिकामे असतात, नव्या लेआउटमध्ये प्लॉट पडलेले पण घरं न झालेले रस्ते असतात, सुट्टीच्या दिवशी परवानगी मिळाली तर मार्केट यार्डाचं आवारही चांगलं. आधी चालत एक फेरी मारा आणि वाळू, खडी, ऑईलचे डाग बघून घ्या. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्या, हातमोजे घाला. दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं राहून मागून गाडी येत नाही ना हे बघणारं असावं.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करायची. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, गाडी ढकलत चाला आणि चालता चालता दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळूच दाबा. लिव्हर आधी थोडी मोकळी येते, मग एका जागी ती पकडते. ती जागा बोटांना पाठ झाली पाहिजे. हा सराव अनेकांना पोरकट वाटतो आणि ते तो सोडून देतात. मला मात्र संपूर्ण धड्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लिव्हरची भीती इथेच निम्मी उतरते.

मग ताशी २०च्या आसपास सरळ रेषेत या. एक खूण ठरवा, ती आली की ॲक्सिलरेटर सोडा आणि फक्त पुढचा ब्रेक लावा. लिंबू पिळताना दाब जसा वाढत जातो, तसा वाढवत न्या. पहिल्या हलक्या दाबाने वजन पुढे येतं, टायर रस्त्यावर बसतो, आणि मगच तो टायर जास्त दाब सोसायला तयार होतो. एकदम आवळलं तर वजन पुढे पोचण्याआधीच चाक लॉक होतं. ज्या पडण्याच्या गोष्टी आपण ऐकत आलो, त्यातल्या कित्येक या घाईतून घडलेल्या असतात. गाडी थांबत आली की बोटं किंचित सैल करा, म्हणजे शेवटचा हिसका बसत नाही. क्लच अगदी शेवटी ओढा, डावा पाय टेका.

शरीराकडेही लक्ष असू द्या. मांड्यांनी टाकी धरा, कोपरं सैल ठेवा, नाहीतर पुढे ढकललं जाणारं सगळं वजन हँडलवर येतं आणि हँडल वाकडं होतं. नजर लांब, समोर. पुढच्या चाकाकडे बघत थांबलात तर तोल जातोच. हे जमलं की पायब्रेक सोबत घ्या, मग वेग ३०, मग ४०. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका, बोटं दमली की ती पुन्हा आवळायला लागतात. आणि मध्येच हँडल एकदम हलकं, भरकटल्यासारखं वाटलं, तर पुढचं चाक लॉक झालंय असं समजा. लिव्हर तत्क्षणी सोडा आणि पुन्हा हळू दाबा.

आता काकांच्या सल्ल्यातला खरा भाग. हँडल वळलेलं असताना, म्हणजे यू-टर्न घेताना, पार्किंगमधून गाडी काढताना, अगदी संथ गतीला पुढचा ब्रेक ओढला तर गाडी जागच्या जागी आडवी होते. तिथे पायब्रेकच वापरायचा. वाळू, खडी, शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून झालेला निसरडा थर, झेब्रा क्रॉसिंगचे ओले पट्टे, पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या, या ठिकाणी पुढचा ब्रेक फार हलक्या हाताने लावायचा. त्याहून बरं म्हणजे ती जागा येण्याआधीच वेग कमी करायचा.

१ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. ते काम करायला लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरते. नवे चालक घाबरून ती सोडून देतात, तसं करू नका, दाब कायम ठेवा. बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तेव्हाही घसरू शकतं. कॉम्बी ब्रेकमध्ये पायब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तो थोडाच लागतो, हाताच्या लिव्हरचं काम त्याने संपत नाही. आपल्या गाडीत नेमकं काय आहे, हे सरावाआधी माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

घाटाबद्दल मला थोडं कळकळीने सांगायचं आहे. आंबा, वरंधा, आंबेनळी, कुठल्याही घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून, कधी इंजिनही बंद करून सोडणारी मुलं दिसतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडथळा नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबून धरलेला ड्रम ब्रेक तापतो आणि तापल्यावर त्याची पकड कमी होत जाते. उतारावर वजन आधीच पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे पायब्रेक आणखी दुबळा होतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी रोखू द्या. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा आणि मग लिव्हर सोडा, म्हणजे ब्रेक थंड व्हायला उसंत मिळते.

आणि गळिताचा हंगाम. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. साखर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाची चिपाडं पडतात आणि रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अचानक समोर येतात. चिपाडांवरही वाळू-खडीसारखाच पुढचा ब्रेक फार हलक्या हाताने लावायचा. ट्रॉलीसाठी मात्र एकच पथ्य आहे : हेडलाइटचा उजेड जेवढा पुढे पोचतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. ताशी ६०ला, एक सेकंद धरून, सगळं चांगलं असताना ३६-३७ मीटर लागतात. तुमच्या दिव्यात तेवढं दिसत नसेल तर वेग उतरवा, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

मागे कोणी बसलं की हिशोब पुन्हा बदलतो. मागच्या चाकावर वजन वाढतं, पायब्रेक जास्त उपयोगी पडतो, पण थांबवायचा एकूण भारही वाढतो. एकट्याने सराव पक्का झाल्यावर घरातल्या कोणाला तरी मागे बसवून, आधी सांगून, २०च्या वेगात हाच धडा पुन्हा करा.

पुढच्या आठवड्यात वळणाकडे जाऊ. तोपर्यंत एक काम : उद्या सकाळी गाडी काढण्याआधी ब्रेकची लिव्हर दाबून बघा. ती हँडलच्या मुठीला जाऊन टेकत असेल, तर सराव नंतर, आधी मेकॅनिककडे जा.