लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ!

समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून सकाळी 7 वाजता सुटले आणि लंडनला सकाळी 11.30 वाजता उतरले. प्रवास साडेचार तासांचाच झाला का? नाही. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते. म्हणजे प्रवास 10 तासांचा. तेच विमान तिथून दुपारी 1 वाजता निघून मुंबईत पहाटे 3.30 ला पोचले, तर घड्याळांचा हिशेब करता 9 तासच भरतात. मग एक तास गेला कुठे?

हा प्रश्न विचारला की वर्गातली हुशार मुलेसुद्धा पृथ्वीच्या परिवलनाकडे बोट दाखवतात. (शाळेत असताना मीही तेच मानत असे.) पण नीट विचार करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमानाखालून ती अशी सरकत असती, तर लंडनच विमानाकडे आले असते आणि जातानाचा वेळ कमी लागला असता! शिवाय दादरवर तासभर स्थिर राहिलेले हेलिकॉप्टर सुमारे 1,580 कि.मी. पश्चिमेला उतरले असते. तसे होत नाही. कारण हेलिकॉप्टर आणि भोवतालची हवा जमिनीबरोबरच फिरत असतात. धावत्या गाडीत वर उडवलेला चेंडू आपल्याच हातात पडतो ना, तसेच.

खरे कारण वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी 300 कि.मी.च्याही वर जातो. गंमत अशी, की परिवलनाचा हात आहे तो इथे. विषुववृत्ताकडील हवेला पूर्वेकडचा वेग जास्त असतो. ती ध्रुवाकडे सरकली, की कमी वेगाच्या जमिनीला मागे टाकून पूर्वेकडे धावू लागते.

आता अंतर. पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो इराण, कॉकेशस, युक्रेन असा जातो; लांबी सुमारे 7,200 कि.मी. सपाट नकाशावरची सरळ रेघ मात्र सीरियाजवळून जाते आणि प्रत्यक्षात ती लांबची वाट असते. अर्थात विमाने दोऱ्यावरूनच जातात असे नाही. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, तेव्हा वळसा घालणे आलेच.

विमानाचा हवेतला वेग ताशी 900 कि.मी. आणि वारा ताशी 100 कि.मी. धरू. जाताना वेग 800, म्हणजे 9 तास. येताना 1,000, म्हणजे 7 तास 12 मिनिटे. एकूण 16 तास 12 मिनिटे. वारा नसता तर 16 तासच लागले असते! जाताना गमावलेले येताना पुरते भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. वारा ताशी 200 कि.मी. असेल तर जाण्यायेण्याला एकूण किती वेळ लागेल? 16 तास 24 मिनिटे असे घाईने लिहू नका. गणित करून पाहा.