गोंड चित्रकला हजारो वर्षं जुनी की चाळीस वर्षांची? गाणाऱ्या समाजानं हातात ब्रश घेतला त्याची गोष्ट

हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असणार. एक हरीण उभं आहे. त्याच्या शिंगांना फांद्या फुटल्यात, फांद्यांवर पक्षी बसलेत आणि हरणाचं अख्खं अंग बारीक ठिपक्यांनी, रेघांनी भरलंय. कुणाच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर, कुणाच्या साडीच्या पदरावर, नाहीतर एखाद्या कॅफेच्या भिंतीवर ते हमखास दिसतं. खाली कॅप्शन ठरलेलं असतं, 'हजारो वर्षांची आदिवासी परंपरा'.

यात एक अडचण आहे. गोंड समाज प्राचीन आहे, त्याच्या कथा आणि देव जुने आहेत. पण कागदावर, कॅनव्हासवर रंगवलेलं हे जे चित्र आपण 'गोंड आर्ट' म्हणून ओळखतो, त्याचं वय साधारण चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहे. त्याची सुरुवात कुठल्या गावातून झाली आणि कुणाच्या हातून झाली, हेही माहीत आहे. त्या माणसाचं नाव जनगढसिंह श्याम.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस काय आणि हजार काय, चित्र सुंदर आहे ना? पण या फरकावर कलाकाराचं नाव, त्याचा मोबदला आणि त्याचा हक्क अवलंबून आहे. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी होतं ते गाणं

जनगढ गोंडांमधल्या परधान समाजाचे. परधान म्हणजे गोंडांचे गायक, कथेकरी आणि वंशावळ सांगणारे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नांदेड या भागातही परधान समाज आहे. जनगढ यांचं गाव मात्र मध्य प्रदेशातलं, आजच्या दिंडोरी जिल्ह्यातलं पाटनगढ.

तिथल्या परधानांचं वाद्य म्हणजे बाना. तीन तारांचं, सारंगीसारखं गजानं वाजवायचं. पण बाना नुसतं वाद्य नाही. गोंडांचा मोठा देव म्हणजे बडा देव, आणि त्याचं वास्तव्य साजाच्या झाडात असतं अशी श्रद्धा आहे. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन. एका कथेनुसार सात भावांपैकी सगळ्यात धाकट्यानं बाना बनवला, तो वाजवला आणि देव प्रसन्न झाला. परधान स्वतःला त्या धाकट्या भावाचे वंशज मानतात. म्हणजे देवाला बोलवायचं तर बाना वाजवावा लागतो आणि तो वाजवायचा मान परधानाचा.

ठरावीक वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानांच्या घरी जायचा. बडा देवाची आळवणी करायचा, गोंड राजांच्या कथा गायचा, त्या घराच्या पूर्वजांची नावं सांगायचा. बदल्यात धान्य, कपडे, कधी गुरं मिळायची. यजमानाचा इतिहास परधानाच्या गळ्यात जपला जायचा.

पुढे यजमानच गरीब झाले. जंगलावरचे हक्क गेले, जमिनी गेल्या. देणाऱ्याकडेच काही उरलं नाही तर गाणाऱ्याला काय मिळणार? बाना घरात टांगून परधान मजुरीला जाऊ लागले. जनगढ यांची पिढी अशा काळात वाढली.

मग चित्रं नव्हतीच का?

होती, पण वेगळी. या भागातल्या बायका सणाला, लग्नाला घराच्या भिंती आणि जमीन सारवून त्यावर ढिगना काढतात. ढिगना म्हणजे भौमितिक नक्षी. रंग गावातलेच, पांढरी माती, पिवळी माती, काळी माती आणि गेरू. शिवाय मातीत उठावाचं काम असायचं, अंगावर गोंदण असायचं.

ढिगना ही जपून ठेवायची वस्तू नव्हे. आपल्याकडच्या रांगोळीसारखं किंवा वारल्यांच्या लग्नचौकासारखं तिचं काम त्या विधीपुरतं. सण झाला, पुन्हा भिंत सारवली, नक्षी गेली. तिच्यावर कुणाची सही नसायची. आणि बडा देव, ठाकूर देव, मरही देवी या देवतांची चित्रं काढायची पद्धतही नव्हती. देव झाडात, दगडात, नाहीतर गाण्यात असायचा.

भोपाळहून आलेली माणसं

१९८०च्या आसपास भोपाळमध्ये भारत भवन उभं राहत होतं. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची, आणि तिथल्या रूपंकर या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे. १३ फेब्रुवारी १९८२ला त्याचं उद्घाटन झालं.

स्वामीनाथन यांचं म्हणणं सरळ होतं. शहरातला चित्रकार आणि खेड्यातला चित्रकार एकाच काळात जगतायत, मग दोघांचं काम समकालीन नाही का? एकाला 'कला' आणि दुसऱ्याला 'हस्तकला' का म्हणायचं? त्यांनी कला शिकणाऱ्या मुलांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या गावोगाव पाठवल्या. अशीच एक तुकडी पाटनगढला पोचली आणि तिला एका घराच्या भिंतीवर हनुमानाचं चित्र दिसलं. चित्र काढणारा पोरगा जेमतेम विशीचा होता. शाळा लवकर सुटलेली, म्हशी राखायच्या, मिळेल ती मजुरी करायची. हेच जनगढ. (जनगणनेच्या वेळी जन्म झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.)

स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळला बोलावलं. कागद, पोस्टर कलर, शाई हातात आली आणि काही दिवसांनी भारत भवनच्या छपाई विभागात कामही मिळालं.

ठिपके आले कुठून?

जनगढ यांनी दोन नव्या गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे, ज्या देवांना आजवर फक्त आळवलं जात होतं त्यांना त्यांनी रूप दिलं. गाण्यात ऐकलेल्या वर्णनावरून आणि स्वतःच्या कल्पनेनं त्यांनी हे देव कागदावर आणले.

दुसरी म्हणजे ते ठिपके. आकृतीच्या आत सपाट रंग भरून न थांबता त्यांनी ती ठिपक्यांच्या, बारीक रेघांच्या ओळींनी भरून काढली. त्यामुळे आकृती जागच्या जागी थरथरतेय असं वाटतं. कुणाला त्यात गोंदण दिसतं, कुणाला अंगात आलेल्या माणसाचा थरार. लेखक उदयन वाजपेयी यांनी फार सुंदर मांडणी केलीय. त्यांच्या मते परधानांचं संगीतच इथं चित्र झालंय, गाण्यातले सूर ठिपके होऊन कागदावर उतरलेत. या शैलीला 'जनगढ कलम' हे नावही त्यांनीच दिलं.

हे पटण्यासारखं आहे. गाण्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी बदलते. करमा नाचात तेच पाऊल पुन्हा पुन्हा पडतं आणि त्यातूनच लय चढत जाते. जनगढ यांच्या चित्रातल्या ठिपक्यांच्या ओळी नेमकं हेच करतात. बाना थांबला, पण त्याची लय ब्रशमध्ये आली.

पॅरिस, विधानभवन आणि जपान

पुढचा प्रवास वेगवान होता. १९८६मध्ये मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला. १९८९मध्ये पॅरिसला 'माजिसियाँ द ला तेर' हे प्रदर्शन भरलं. जगभरच्या कलाकारांना एका पातळीवर ठेवू पाहणाऱ्या या गाजलेल्या प्रदर्शनात जनगढ यांचं काम होतं. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्यांनी मोठी चित्रं रंगवली.

पण शेवट वाईट झाला. २००१मध्ये ते जपानच्या निगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये चित्रं काढायला गेले होते. जुलै महिन्यात तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस. नेमकं कारण एका वाक्यात सांगणं चुकीचं ठरेल. मात्र त्यानंतर त्यांच्या कराराबद्दल, मानधनाबद्दल, तिथल्या मुक्कामाच्या अटींबद्दल देशातल्या कलाकारांनी जाहीरपणे प्रश्न विचारले. आदिवासी कलाकार परदेशी जातो तेव्हा तो कुठल्या कागदावर सही करतो, कुठल्या भाषेतल्या, आणि त्याच्या बाजूनं तो कागद वाचणारं कुणी असतं का, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला.

२०१०मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात त्यांचं १९८८चं 'लँडस्केप विथ स्पायडर' हे चित्र ३१,२५० डॉलरला विकलं गेलं. ते बघायला जनगढ नव्हते.

एकाच्या हातून अनेकांच्या हातात

जनगढ यांनी भोपाळमधल्या आपल्या घरी गावाकडच्या नातेवाइकांना बोलावून घेतलं, हातात ब्रश दिले. त्यातून आज अनेक कलाकारांची घरं उभी राहिलीत. पत्नी ननकुशिया, मुलगी जपानी, मुलगा मयंक, पुतण्या वेंकटरमण सिंह श्याम, सगळे चित्रकार. आणि प्रत्येकाचा ठिपका वेगळा. जाणकार माणूस नक्षी बघून कलाकार ओळखतो, आपण अक्षरावरून माणूस ओळखतो तसा.

भज्जू श्याम यांचं उदाहरण घ्या. भोपाळमध्ये रात्रपाळीची रखवालदारी केलेला हा माणूस लंडनमधल्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेला. तिथं जे दिसलं ते त्यांनी 'द लंडन जंगल बुक' या २००४च्या पुस्तकात चितारलं. गोंडांमध्ये वेळ सांगतो कोंबडा, म्हणून बिग बेन घड्याळाचा झाला कोंबडा. इमानेइतबारे घरी सोडणारी बस झाली कुत्रा. विमान आकाशात उडतं म्हणजे हत्तीच उडाला की! भज्जू यांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याशी थेट जोडलेलं उदाहरण म्हणजे 'भीमायन'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचं हे चित्रपुस्तक २०११मध्ये आलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. कॉमिक्समध्ये असतात तशा चौकोनी चौकटी काढायला या दोघांनी नकार दिला. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, त्यांना मोकळी जागा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पानं विभागायची कशानं? ढिगनानं! सारवलेल्या भिंतीवरची नक्षी महाडच्या चवदार तळ्याच्या गोष्टीभोवती आली. जातीचं विष ओकणाऱ्या माणसाच्या संवादाला त्यांनी विंचवाची नांगी लावली आणि ज्यांनी अन्याय सोसला त्यांच्या संवादाला पक्ष्याचा आकार दिला. दुर्गाबाई लहानपणी आजीकडून ढिगना शिकल्या होत्या. २०२२मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

मग 'हजारो वर्षं जुनी' म्हटलं तर बिघडलं कुठं?

बिघडतं ते असं. एखादी गोष्ट 'प्राचीन परंपरा' ठरली की ती कुणाचीच नाही असं आपण गृहीत धरतो. मग चित्र उचललं, कपावर छापलं, पोस्टवर टाकलं तरी कुणाला विचारायची गरज वाटत नाही. एम. एफ. हुसेन यांचं चित्र छापताना आपण नाव लिहितो. गोंड चित्राखाली लिहितो, 'ट्रायबल आर्ट'.

कायदा मात्र असा भेद करत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क सर्वसाधारणपणे कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे जनगढ यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ संपेपर्यंत आहे. चित्राबरोबर आपलं नाव असावं, हा हक्कही याच कायद्याच्या कलम ५७मध्ये आहे.

इथं एक बारकावा लक्षात घ्या. कॉपीराइट विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नसतो. ठिपके देऊन हरीण काढलं म्हणून तुमच्यावर कुणी दावा लावणार नाही. जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, हे एखाद्या प्रदेशातल्या उत्पादनाच्या नावाला संरक्षण देतं. ते कुणा एका कलाकाराच्या चित्राची राखण करत नाही. त्यामुळे नक्कल आणि प्रेरणा यांच्यामधल्या बऱ्याच मोठ्या जागेत कायदा पोचत नाही, तिथं आपली समज कामाला येते.

आपण काय करू शकतो?

फार काही अवघड नाही. चित्र शेअर करताना कलाकाराचं नाव शोधा आणि लिहा. चित्रावर सही असेल तर ती क्रॉप करू नका. विकत घेताना 'गोंड पेंटिंग आहे का?' याच्याआधी 'कुणाचं आहे?' असं विचारा. दुकानदाराला नाव सांगता आलं नाही, तर ते बहुधा छापील नाहीतर नक्कल केलेलं असेल. आणि कॅप्शनमध्ये 'हजारो वर्षांची कला' लिहायचा मोह झाला, तर देव आणि कथा जुन्या, चित्र मात्र आजचं, एवढं तरी लिहा.

परधानाचं कामच मुळी नावं लक्षात ठेवण्याचं होतं. यजमानाच्या सात पिढ्यांची नावं तो गाऊन दाखवायचा. त्याच्या मुलाबाळांच्या चित्राखाली एक नाव लिहिणं आपल्याला जड जायला नको.