मोहफुलांची कांडी दगड का होत नाही?

आर्वीकडच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : लिंबू सरबताची आइसकांडी फ्रीजरमध्ये दगड होते, दात लावायची सोय नाही. मोहफुलं उकळून, गाळून केलेली कांडी मात्र चमच्याने सहज खरवडता येते. गोडी दोन्हींची सारखीच, मग हे काय गौडबंगाल?

प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी वाळलेली मोहफुलं मिळवली. केसर झटकून, धुऊन पातेल्यात टाकली, तर दहा मिनिटांत पाणी तपकिरी झालं आणि घरभर मनुकांसारखा जड गोड वास पसरला. मार्च-एप्रिलमध्ये बोरच्या जंगलालगतच्या गावांत पहाटे टोपल्या घेऊन वेचलं जातं, ते हे फूल. दारूबंदीच्या जिल्ह्यात त्याचं नाव काढलं की लोकांना आधी भट्टी आठवते. पण वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते, आणि तिच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा मोठा वाटा असतो. उत्तर इथेच आहे.

पाणी गोठताना त्याचे रेणू पंगतीसारखे रांगेत बसू लागतात. साखरेचे रेणू म्हणजे त्या पंगतीतून धावणारी पोरं. पंगत किती विस्कटेल हे पोरांच्या वजनावर नाही, संख्येवर ठरतं. आपली दाणेदार साखर, म्हणजे सुक्रोज, ही दोन पोरांची जोडी आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून धावतात, म्हणून मोजायची एकच. मोहात यातल्या बऱ्याच जोड्यांचे हात आधीच सुटलेले असतात. तेवढ्याच वजनात पोरं जवळजवळ दुप्पट! एक किलो पाण्यात २५० ग्रॅम सुक्रोज घातलं तर पाणी उणे १.४ अंशाला गोठू लागतं, तेवढंच ग्लुकोज घातलं तर उणे २.६ अंशाला. म्हणून त्याच फ्रीजरमध्ये मोहाच्या कांडीत न गोठलेला पाक जास्त उरतो आणि कांडी मऊ राहते.

'मोजायची ती डोकी, वजन नव्हे' हे १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या फ्रान्स्वा राऊल्ट यांनी असंख्य पदार्थ गोठवून दाखवून दिलं. पण मला त्याहून जवळची वाटते फिलाडेल्फियाची नॅन्सी जॉन्सन. राऊल्टच्या जवळपास चाळीस वर्षं आधी, १८४३ मध्ये, तिने हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं. बाहेर बर्फ आणि मीठ, आत डबा, डब्यात फिरणारं पातं. मीठ विरघळताना त्याचेही दोन तुकडे होतात, तेही हलके, म्हणून बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. पातं कडेला धरलेले स्फटिक सतत खरवडतं, ते मोठे होऊच देत नाही. लग्नात, जत्रेत आपण ज्या पॉट आइस्क्रीमच्या कोठीभोवती उभे राहतो, ती याच कल्पनेवर चालते. आइस्क्रीमच्या गोष्टींत सम्राट आणि राण्या हमखास भेटतात, या बाईंचं नाव क्वचितच निघतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

हल्ली मोहाची सरबतं आणि लाडू 'मधुमेहींनाही चालणारा नैसर्गिक गोडवा' म्हणून विकले जातात. त्यावर विश्वास ठेवू नका. ज्या ग्लुकोजमुळे कांडी मऊ राहते, तेच रक्तात जातं. चवीसाठी खा, औषध म्हणून नको.

आता ताईंच्या लिंबाच्या कांडीचं. लिंबू थंड सरबतात पिळू नका. साखरेच्या पाकात थोडा रस घालून मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. आंबटपणा आणि उष्णता मिळून सुक्रोजच्या काही जोड्यांचे हात सोडवतात. पाकाची साखर पुन्हा जमू नये म्हणून हलवाई त्यात लिंबू पिळतात, ते याचसाठी. उरलेला रस पाक गार झाल्यावर घाला, म्हणजे लिंबाचा वासही राहील. जूनमध्ये जांभळं आली की त्यांच्या रसालाही हाच पाक वापरा. फक्त पाक थोडा जास्त गोड ठेवा, कारण गार जिभेला गोडी कमी कळते आणि जांभळाचा तुरटपणा मात्र टिकून राहतो.