हरिश्चंद्राची फॅक्टरी, शाखा राहाता

डिसेंबर २०१८. रात्रीचा एक. राहात्याजवळच्या एका पेरूच्या बागेत आम्ही नऊ जण, दोन एलईडी लाइट, भाड्याने आणलेला एक कॅमेरा आणि मफलरमध्ये गुंडाळलेला हिरो. सीन साधाच होता. आजोबा वारल्यावर नातू पहिल्यांदा बागेत येतो, त्यांनी लावलेल्या झाडाला हात लावून नुसता उभा राहतो. डायलॉग शून्य. सहा टेक वाया गेले होते. एकदा कुत्रं, एकदा हायवेवरून शिर्डीला निघालेल्या बसचा हॉर्न, एकदा खुद्द डिरेक्टरला आलेली शिंक. सातव्या टेकला मात्र गाडी रुळावर आली. हिरोच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी. कॅमेरावाल्याने श्वास रोखून धरलेला. आणि नेमकं तेव्हाच खटॅक!

थ्री फेज आली होती.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाची लाइट आमच्याकडे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने यायची. रात्री उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून लोक मोटारीला ‘ऑटो’ बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू. त्या रात्री अख्ख्या शिवारातल्या मोटारी एका दमात सुरू झाल्या. आमच्या साउंडवाल्याने हेडफोन काढून फेकला. झाडाच्या आळ्यात पाणी शिरलं, त्यात हिरोचा बूट. तो जे ओरडला ते इथे छापता येणार नाही, पण पाच दिवसांच्या शेड्यूलमधला तो त्याचा सगळ्यात नॅचरल परफॉर्मन्स होता.

मी या फिल्मचा प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणजे क्लॅप देणं, चहा आणणं आणि ‘टीव्हीवर कधी लागणार?’ म्हणून विचारणाऱ्या मंडळींना फ्रेमच्या बाहेर ठेवणं. हातात मास कॉमची ताजी डिग्री होती, डोक्यात भलती हवा होती. आपल्याच नगर जिल्ह्यात शिकलेल्या नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ नावाच्या शॉर्ट फिल्मने नॅशनल अवॉर्ड आणलं होतं. श्रीगोंद्याकडच्या भाऊराव कऱ्हाडेंनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ काढला होता आणि त्यालाही नॅशनल अवॉर्ड मिळालं होतं. मग आम्ही काय घोडं मारलं होतं?

त्या रात्रीचा किस्सा मी नंतर किमान पन्नास पार्ट्यांमध्ये सांगितलाय. हमखास हशा. पुढे शोध लागला की या किश्शांची एक स्वतंत्र जातच आहे. सिनेमा काढताना उडालेल्या बोजवाऱ्यावर काढलेला सिनेमा! खिशात दमडी नाही, लाइट नाही, हिरोईन रुसलेली, आणि डिरेक्टर मात्र ऑस्करचं भाषण पाठ करतोय. अशा फिल्म्स बहुतेक वेळा कमी पैशांतच बनतात, कारण हे दुःख मोठ्या बॅनरवाल्यांना कुठून कळणार?

या घराण्यातला माझा लाडका पिक्चर अमेरिकन आहे. टॉम डिचिलोचा ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’, साल १९९५. स्टीव्ह बुशेमी त्यात एका फाटक्या फिल्मचा डिरेक्टर आहे. टेकमागून टेक बोंबलतात. कधी माइक फ्रेममध्ये, कधी लाइट फुटतो. शेवटी नुसत्या रिहर्सलमध्ये हिरोईन असं काम करते की काळजाचं पाणी व्हावं. आणि कॅमेरामन कुठे? बाथरूममध्ये, खराब दूध प्यायल्यामुळे उलट्या करतोय. कॅमेरा बंद. हा सीन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लॅपटॉप पॉज करून आमच्या डिरेक्टरला फोन लावला होता. म्हटलं, अरे बाबा, आपली थ्री फेज न्यूयॉर्कमध्येही येते! जपानच्या शिनिचिरो उएदाचा ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) हाही याच खानदानातला. बजेट तीसेक लाख येन, हे त्यांच्याकडे चिल्लरच. पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमधला झॉम्बीपट चालतो आणि तुम्हाला वाटतं, हे काय भंकस? उठू नका. पुढचं सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही मला शिव्या घालाल.

पण या जातीच्या सिनेमाचा मूळपुरुष बघायला न्यूयॉर्क-टोकियोला जायची गरज नाही. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चा हिरो तोच आहे, धुंडिराज गोविंद फाळके, मूळ मुक्काम त्र्यंबकेश्वर. २००९ मध्ये ही फिल्म भारताकडून ऑस्करला पाठवली गेली आणि जानेवारी २०१० मध्ये थिएटरला लागली. शाळेत आपल्याला दादासाहेब म्हणजे ‘चित्रपटसृष्टीचे जनक’ असा भिंतीवरचा फोटो करून दाखवतात. मोकाशींनी त्या फोटोतून एक खटपट्या, खुशालचेंडू माणूस खाली उतरवला आणि नंदू माधवांनी तो असा काही रंगवला की आपणही त्याच्याबरोबर कर्ज काढायला निघतो. हा माणूस १९११ मध्ये मुंबईत तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघतो, झपाटतो, विमा पॉलिसी गहाण टाकतो, १९१२ मध्ये लंडन गाठून कॅमेरा आणतो. भांडवलदाराला पटवायला कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपट्याची वाढ एकेका फ्रेमने टिपून दाखवतो. आजच्या भाषेत पिच व्हिडिओ!

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलातल्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त आवडते ती मिश्यांची भानगड. साड्या नेसायला पोरं कशीबशी तयार झाली, पण मिशी उतरवायला एकही राजी होईना. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर! बाप धडधाकट घरी बसलेला असताना कोण उतरवेल? आणि ‘फॅक्टरी’ हे नाव? सिनेमात काम करतो म्हटलं तर सोयरीक जमायची पंचाईत, म्हणून फाळक्यांनीच आपल्या लोकांना सांगितलं होतं, की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे म्हणा.

हे सगळं बघताना आपण हसत असतो. पण त्या घरात एक बाई आहे. सरस्वतीबाई. त्या युनिटचा स्वयंपाक करतात, कच्च्या फिल्मला भोकं पाडतात, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहतात. त्यांचे दागिनेही याच नादात गेले. विभावरी देशपांडेंनी ही सरस्वती इतकी हसतमुख केलीय की पहिल्यांदा बघताना ते दागिने माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मात्र मला राहात्याची ती बाग दिसायला लागली.

कारण आमच्या फिल्मचे पैसे कुठून आले होते, ते मी पार्ट्यांमध्ये कधी सांगत नाही. डिरेक्टरच्या वडिलांनी त्या बहाराची बाग व्यापाऱ्याला दिली होती. तिच्या इसाराचे पंचेचाळीस हजार त्यांनी पोराच्या हातात ठेवले. ‘एका बहाराचंच तर आहे,’ एवढंच म्हणाले. शूटिंगच्या पाचही रात्री कांबळं घेऊन बाजेवर बसून होते. मोटारी सुरू झाल्या तेव्हा आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो आणि ते शांतपणे उठून, बॅटरी घेऊन, पाण्याची बारी धरायला गेले.

शंभर किलोमीटरवरचा सुपरमॅन

राहात्याहून शिर्डी, कोपरगाव, येवला, मनमाड करत मालेगावला निघालात तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. यंत्रमागांचं हे शहर. तिथे नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग शिकून घेतलं आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. बजेट पन्नास हजारांच्या आसपास सांगतात. म्हणजे आमच्यापेक्षा पाचच हजार जास्त, आणि त्यांनी अख्खा शोले उरकला! पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढायला घेतला, तेव्हा फैजा अहमद खान ही दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन तिथे पोहोचली. तिची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) ही डॉक्युमेंटरी म्हणजे सिनेमाच्या खटाटोपावरची मी पाहिलेली सगळ्यात धमाल गोष्ट, आणि यातला एकही जोक लेखकाने लिहिलेला नाही. कॅमेरा पाण्यात पडतो. शेड्यूलच्या मध्येच सुपरमॅनचं लग्न निघतं. हिरवा पडदा लावून त्याला उडवायचं, तर त्याआधी हिरवा पडदा कसा वापरतात ते शिकायचं. हा सुपरमॅन म्हणजे शफिक शेख, यंत्रमागावर राबणारा, अंगाने काटकुळा.

शफिक २०११ मध्ये कॅन्सरने गेला. डॉक्युमेंटरी आपल्याकडे थिएटरात लागली ती जून २०१२ मध्ये.

याच मित्रांवर रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. पैसा मोठ्या निर्मात्यांचा, कलाकार मुंबईचे. मला आधी धाकधूक होती, की गरिबांची गंमत असा प्रकार निघतोय की काय. तसं झालेलं नाही. वरुण ग्रोव्हरच्या लिखाणात मैत्रीचा हिशेब चोख आहे. कोणी कोणाचं श्रेय खाल्लं, कोण मुंबईला निघून गेला, कोण मागे राहिला. तरी खरं सांगू? मूळ डॉक्युमेंटरीतला शफिक कॅमेऱ्याकडे बघून जसा लाजतो, तसं लाजणं कुठल्याही ॲक्टरला येणार नाही. जमलं तर आधी डॉक्युमेंटरी बघा, मग पिक्चर.

‘सुपरबॉईज’ मी आमच्या डिरेक्टरबरोबरच पाहिला. नाशिकला, दुपारचा शो, थिएटरात मोजून पंधरा माणसं. तो आता लग्नाच्या आणि प्री-वेडिंगच्या ऑर्डरी घेतो. स्वतःचा ड्रोन आहे, बरं चाललंय. पहिला तासभर तो शिट्ट्या मारत होता. शफिकच्या आजाराचा भाग सुरू झाला तसा गप्प झाला. इंटरव्हलचे पॉपकॉर्न मांडीवर तसेच.

मला कळलं त्याला काय आठवलं ते.

मोटारींच्या रात्रीनंतर आमचे दोन दिवसांचे सीन शिल्लक होते. ते पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं. मधल्या काळात हिरोचे सख्खे चुलते हार्ट अटॅकने गेले. हिरोचा फोन आला तेव्हा मी डिरेक्टरच्या गाडीवर मागे बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. बातमी ऐकून डिरेक्टर दोन सेकंद थांबला आणि त्याने विचारलं, ‘म्हणजे दहाव्याला केस काढणार का तू?’

पलीकडे शांतता. मग हिरो म्हणाला, ‘सख्खे चुलते आहेत रे माझे.’

आणि मी काय करत होतो? बॅगेतून कंटिन्युइटीची वही काढून, कोणकोणत्या सीनमध्ये त्याचे केस दिसतात ते बघत होतो.

तेराव्यानंतर तो टोपी घालून सेटवर आला. टोपी काढली आणि आम्ही सगळे त्याच्या डोक्याकडे बघत राहिलो. नातवाचे आजोबा वारलेत अशी आमची फिल्म! घरात मयत झालेल्या पोराचं डोकं भादरलेलं असणार, हे अकरा ड्राफ्ट लिहिताना आम्हा मास कॉमवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळे हेअरस्टाइलच्या चर्चा करत बसलो होतो. आता हिरो बरोबर दिसत होता आणि आधी शूट केलेलं सगळं चुकीचं होतं. ते पुन्हा करायला पैसे नव्हते. आण्णांकडे, म्हणजे डिरेक्टरच्या वडिलांकडे, परत मागायची कोणाची छाती झाली नाही. मग कॅमेऱ्याचं भाडं थकलं, मग ज्याची त्याची नोकरी, मग लॉकडाऊन. फिल्म एका हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. थ्री फेजच्या आवाजासकट.

शो सुटल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. डिरेक्टरने हिरोला फोन लावला. तो आता एका पतसंस्थेत आहे, एक मुलगी आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर डिरेक्टर म्हणाला, ‘त्या दिवशी मी आधी केसांचंच विचारलं होतं ना रे?’

‘हो.’

‘काकांचं काहीच विचारलं नाही.’

‘नाही विचारलं.’ मागे त्याची मुलगी कशासाठी तरी रडत होती. तिला गप्प करून तो परत फोनवर आला. ‘पण तेराव्याला पंगतीत वाढायला दोघंही होतात. ते आहे लक्षात.’

डिरेक्टर काहीच बोलेना. चहा गार झाला. मग हिरोनेच विचारलं, ‘पिक्चर पुरा कधी करायचा?’

‘आता? तुझे केस...’

‘मागून उडालेत सगळे. पुढचे राहिलेत, तेही या दिवाळीपर्यंत जातील. तू फक्त लाइट कधी असते ते बघून तारीख काढ.’