दहा अक्षरांची अकरा झाली

३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरच्या नामांतराची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘अहिल्यानगर’ अधिकृत झाले. पाट्या आणि शिक्के बदलणे तसे सोपे. ज्या शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा दुकानाच्या वेबसाइटच्या पत्त्यातच जुने नाव आहे, तिला ते बदलायचे तर वेगळाच खटाटोप करावा लागतो. चालू साइटला धक्का न लावता तिची प्रत नव्या पत्त्यावर उभी करायची, तपासायची आणि मगच लोकांना तिकडे वळवायचे.

अशा बऱ्याच साइट वर्डप्रेसवर चालतात. प्रत करणारा फायली उचलतो, डेटाबेस एक्सपोर्ट करून नव्या सर्व्हरवर चढवतो, पान उघडतो आणि समोर एकच ओळ येते: डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.

कारण साधे आहे. पासबुकाची झेरॉक्स काढली म्हणून खात्यातले पैसे काढता येत नाहीत. एक्सपोर्टमध्ये मजकूर येतो. तो वाचण्याची परवानगी सहसा येत नाही. डेटाबेस सांभाळणारी मायएसक्यूएल प्रणाली दोन गोष्टी पाहते: कोण आले आणि कुठून आले. त्यामुळे नव्या सर्व्हरवर युजर नव्याने तयार करावा लागतो, त्याला त्या डेटाबेसचे हक्क द्यावे लागतात आणि डेटाबेसचे नाव, युजर, पासवर्ड व होस्ट हे चारही तपशील डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये बदलावे लागतात. शेअर्ड होस्टिंगवर नावांच्या आधी खात्याचा उपसर्ग बहुधा आपोआप लागतो. तो लिहायचा राहिला की सगळे बरोबर असूनही दार उघडत नाही.

मायएसक्यूएलच्या त्रुटी-क्रमांकावरून नेमके दुखणे कळते. १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड नाकारला गेला. १०४४ म्हणजे युजर ओळखला, पण त्या डेटाबेसवर त्याला हक्क नाही. डेटाबेसच्या नावात चूक असली तरी हाच क्रमांक येऊ शकतो. २००२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आले नाही, तेव्हा होस्ट तपासायचा.

ही झाली बोलकी दुखणी. खरी भीती मुक्यांची.

प्रत त्याच सर्व्हरवर केली आणि कॉन्फिग फाइल बदलायची राहिली, तर चूक दिसतच नाही. जुना पासवर्ड चालतो, नवी साइट जुन्याच डेटाबेसला जोडलेली राहते. प्रतीत म्हणून डेटाबेसमध्ये केलेला प्रत्येक बदल मूळ साइटवर उमटतो. त्यापेक्षा १०४५ परवडला!

दुसरे मुके दुखणे तर खास नगरचे. डेटाबेस उघडला तरी आत शेकडो ठिकाणी जुना पत्ता असतो. तो एका फटक्यात फाइंड-रिप्लेसने बदलावासा वाटतो. पण थीमची आणि विजेटची कित्येक सेटिंग वर्डप्रेस गाठोड्यासारखी बांधून ठेवते आणि प्रत्येक मजकुरासोबत त्याची लांबीही लिहून ठेवते. रोमन लिपीत ‘अहमदनगर’ची अक्षरे दहा, ‘अहिल्यानगर’ची अकरा. मजकूर एका अक्षराने वाढतो, लिहिलेली लांबी तशीच राहते. हिशेब जुळला नाही की ते सेटिंग उलगडतच नाही. साइट उघडते, मात्र मेनू, बॅनर किंवा विजेट गायब असतात.

डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातली सर्च-रिप्लेस आज्ञा लांबीही सुधारते. आधी ‘ड्राय रन’ केला तर काहीही न बदलता किती ठिकाणी बदल होईल तेवढे दाखवते. शोधताना मात्र नुसते गावाचे नाव देऊ नये, पूर्ण पत्ता द्यावा. नाहीतर चालू ईमेल आणि जुन्या नावाने झालेल्या नोंदणीचा उल्लेखही बदलून जातो.